लाइन नंबर चारचा बिल्ला

डोळा लागला न लागला तोच मला लागते. काय लागते ते विचारू नका. लागते सगळ्यांनाच, पण माझी खोड अशी की नेमकी झोपेच्या उंबरठ्यावर लागते. अंथरुणाला पाठ टेकण्याआधी मी जाऊन येते. टेकल्यावर पुन्हा जाते. मग पापण्या जड होतात, हातपाय सैल पडतात, आता झोप येणार म्हणताना खालून बोलावणं येतं: ऊठ! उठून जावं तर चार थेंब. चार थेंबांसाठी एकसष्ट वर्षांची बाई अंधारात चपला शोधत फिरते.

माझी खोली माझी एकटीची होती तोवर हे लपलं. पण सुनेला मुलगी झाली आणि तिची आई, म्हणजे माझी विहीण, महिनाभर मदतीला आमच्याकडे आली. तिचा पलंग माझ्याच खोलीत टाकला. रात्री बाळ कुणालाच झोपू देईना, म्हणून दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघी आडव्या व्हायचो. भिंतीकडचा पलंग माझा, त्यामुळे दर खेपेला तिच्या पायाशी वळसा घालून जावं लागे. पहिल्याच दुपारी मी चारदा गेले. चौथ्यांदा परतले तर ती डोळे न उघडताच म्हणाली, "बाई, बरं नाही का तुम्हाला?"

"पाणी जास्त झालं असेल," मी म्हणाले. खरं तर सकाळपासून मी पाण्याला शिवले नव्हते.

ती मला अजून "बाई" म्हणते, त्याला कारण आहे. बावीस वर्षांपूर्वी शर्टांच्या कारखान्यात मी सुपरवायझर होते आणि ती माझ्या हाताखाली काजं करायची. सगळी लाइन तिला काजवालीच म्हणायची. पुढे पोरांनी आपापसात ठरवलं आणि आम्हाला फक्त तारीख कळवली. तेव्हा मला आठ दिवस जेवण गेलं नव्हतं. लोकांना वाटलं, मुलगा दुरावणार म्हणून. कसलं काय! खाई त्याला खवखवे.

ती यायच्या आधी मी डॉक्टरकडेही जाऊन आले होते. पोरसवदा डॉक्टर, कागदावर चित्र काढून समजावणारा. म्हणाला, "आजी, दिवसभर उभं राहून पायांत पाणी उतरतं. आडवं झालं की ते वर येतं आणि मूत्रपिंडांना काम लागतं. शिवाय दिवसभर मन कामात असतं, त्याला मूत्राशयाचं ऐकू येत नाही. निजताना सगळं शांत झालं की बारीकशी हाकही मोठी वाटते. आणि तुम्ही लागली नसतानाही 'जाऊन येऊ एकदा' म्हणून जाता ना? त्यानं ते लाडावतं. थोडं भरलं की ओरडतं." मग हळूच विचारलं, "मनाला काही लागून राहिलंय का?"

"छे हो," म्हणून मी उठले. बाकी सगळं पटलं होतं, पण त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायची माझी छाती नव्हती.

आता सांगते. तीस बायकांची आमची लाइन नंबर चार, तिच्या वाट्याला एक संडास. गर्दी नको म्हणून मॅनेजरनं एक पितळी बिल्ला दिला होता, त्यावर चारचा आकडा. तो माझ्या टेबलामागच्या खिळ्याला लटकायचा. जिला जायचं तिनं बिल्ला न्यायचा, आल्यावर परत अडकवायचा. खिळा रिकामा असेल तर मशीन सोडायचं नाही. मी गळ्यात शिट्टी घालून फिरायचे, म्हणून माझ्या माघारी मला "शिट्टी" म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडायचंही. "घरून जाऊन यायला काय होतं गं तुम्हाला? नळ आहात का नळ?" असं रोज एकीला तरी सुनवायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! कारण सगळ्यांत जास्त खेपा माझ्याच व्हायच्या. सुपरवायझरला बिल्ल्याची गरज नसे, तरी मी तो गुपचूप काढून कोटाच्या खिशात टाकायचे. बिल्ला माझ्याकडे म्हणजे मागून कुणी येणार नाही आणि शिट्टी तासाला दोनदा जाते हे कुणाला कळणार नाही.

त्या दिवशी माल निघायचा होता. कॉलरवाली जाऊन आली, तिनं बिल्ला अडकवला. ही कॉलरवाली म्हणजे काजवालीची जिवाभावाची मैत्रीण, डबा एक, छत्री एक. ती बसल्यावर मी बिल्ला खिशात टाकून गेले. येताना मॅनेजरनं वाटेत गाठलं, बाह्यांच्या मापावरून वाद घातला, आणि बिल्ला खिशातच राहिला. दीड तास. मालाच्या धावपळीत माझी पुढची खेपही चुकली.

काजवालीनं दोनदा विचारलं. "बाई, बिल्ला?" मी म्हटलं, "खिळ्याला नाही ना? मग कुणी तरी गेलंय. बस." दुसऱ्यांदा तिचा आवाज चिरकला होता. मी शिट्टी फुंकली. "बिल्ला कुणाकडे आहे? कॉलरवाली, शेवटी तूच गेली होतीस ना?"

"मी अडकवला, बाई."

"मग काय पंख फुटले त्याला?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणाल. पण शपथेवर सांगते, तोवर चोर मी आहे हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात काजाचं मशीन थांबलं. काजवाली स्टुलावर ताठ बसली होती, दोन्ही हात शर्टावर, आणि स्टुलाखाली पाणी पसरत होतं. शेजारी तयार शर्टांची टोपली होती. माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "माल बाजूला घ्या, भिजेल!"

बायका बघत राहिल्या. मला घाम फुटला, रुमालासाठी हात खिशात गेला आणि बोटांना पितळ लागलं. माझी पाचावर धारण बसली. तेव्हा बोलता आलं असतं. "अगं, माझी चूक झाली," एवढे चार शब्द. मी टेबलामागे गेले, बिल्ला खिळ्याला अडकवला आणि वळून म्हणाले, "हा बघा, आता आला. कॉलरवाली, मांडीवर ठेवून बसली होतीस ना?"

तेव्हा मात्र मला माहीत होतं.

काजवालीला पुढे तिनं कारखाना सोडेपर्यंत "नळ" म्हणत. शब्द माझाच, चिकटला तिला. आणि कॉलरवालीशी तिनं पुन्हा जन्मात बोलणं ठेवलं नाही. लाइनीनंही कॉलरवालीला वाळीत टाकलं. दोन महिन्यांत ती काम सोडून घरी शिलाई करू लागली. तिचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, पण बावीस वर्षं मी त्या गल्लीतून गेले नाही.

तर विहीण येऊन दहा दिवस झाले असतील. सकाळी वाण्याची बायको एक पुडकं देऊन गेली. आत बाळासाठी झबलं, पांढरं, मऊ, आणि त्याला अंगठ्याएवढी कॉलर. टीप इतकी बारीक की मी काय ते ओळखलं. विहिणीनंही ओळखलं. तिनं झबलं घडी मोडू न देता परत पुडक्यात घातलं.

"परत पाठवा, बाई. त्या हातचं माझ्या नातीच्या अंगाला नको."

"जाऊ द्या हो विहीणबाई, किती वर्षं झाली."

"तुमचं मला काही वाटलं नाही कधी," ती म्हणाली. "तुम्ही सुपरवायझर, ओरडणं तुमचं कामच होतं. पण ती माझी होती. मला लागलीय हे तिला दिसत होतं, आणि ती मांडीवर बिल्ला ठेवून बसली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हिनं तर मला माफच करून टाकलं होतं, तेही चुकीच्या बाईचा हिशेब लावून.

त्या दुपारी दोघी आडव्या झालो. पुडकं खिडकीत होतं, संध्याकाळी वाण्याकडे परत जाणार होतं. माझ्या मनात एकच चाललं होतं: सांगितलं तर ही लेकीला आणि नातीला घेऊन निघून जाईल, मुलगा तोंड बघणार नाही. न सांगितलं तर झबलं परत जाईल. डोळा लागायला आला. खालून बोलावणं आलं. मी उठले नाही. छताकडे बघत बोलले, कारण तिच्याकडे बघून जमलं नसतं.

"विहीणबाई, बिल्ला माझ्या खिशात होता."

मग मी सगळं सांगितलं. माझ्या चोरून होणाऱ्या खेपा, बाह्यांची मापं, रुमाल, खिळा. शेवटचं वाक्यही सांगितलं, मांडीवर ठेवल्याचं, आणि ते खोटं आहे हे माहीत असून बोलले हेही.

ती उठली. चप्पल न घालता बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. नळ सुटल्याचा आवाज आला.

घरात बाथरूम एकच. मला तर आधीचीच लागलेली, त्यात ते वाहतं पाणी. मी जाऊन दाराबाहेर उभी राहिले. आत नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता. रडत होती ती. मी भिंत धरली. एक पाय दुसऱ्यावर दाबला. कडी वाजवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. कुठल्या तोंडानं वाजवू? शेजारच्या खोलीत सून आणि बाळ झोपलेलं. घड्याळात मी बघत होते, दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग मी बघायचं सोडलं, कारण आवरेना. गाऊन भिजला, पाय भिजले, आणि फरशीवर पाणी दाराच्या फटीकडे निघालं. वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

नळ बंद झाला. कडी निघाली. तिचे डोळे सुजले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. ती हसेल असं मला वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं.

"मागायचं तरी," ती म्हणाली.

"मागायला तोंड नव्हतं."

ती फडकं घेऊन आली. मी तिच्या हातातून घ्यायला गेले तर तिनं दिलं नाही. खाली बसून पुसायला लागली आणि पुसता पुसता बोलली. आयुष्यात पहिल्यांदा मला "तू" म्हणाली.

"त्या दिवशी माझ्या स्टुलाखालचं कुणी पुसलं, आठवतं तुला? तिनं पुसलं. मशीनखाली शिरून, स्वतःच्या ओढणीनं. आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, हात लावू नकोस मला."

मला हे आठवत नव्हतं. बावीस वर्षं स्वतःच्या लाजेपुढे मी त्या दोघींकडे धड पाहिलंच नव्हतं. मीही खाली बसले आणि रडले, अगदी पोरासारखी हुंदके देऊन. तिनं मला समजावलं नाही. फडकं पिळलं, हात धुतले आणि म्हणाली, "कपडे बदल आणि जा तिच्याकडे. आधी तू. मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

चहाच्या वेळेला मी निघाले. चपला घालताना आत डोकावले तर विहीण बाळाच्या हाताला त्या झबल्याची बाही चढवत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

तीन गल्ल्या, पण चालताना तेरा वाटल्या. कॉलरवालीच्या दाराशी पोचले आणि पुन्हा आली हाक. निघताना दोनदा जाऊन आले होते! परत फिरावं, जाऊन यावं, उद्या यावं, असं मनात आलंच. तरी मी बेल दाबली.

तिनं दार उघडलं. केस पिकलेले, गळ्यात मापाची टेप. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. नमस्कार-चमत्काराची वाट न बघता मी बोलून मोकळी झाले.

"बिल्ला माझ्या खिशात होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "अडकवताना बघितलं होतं मी तुम्हाला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. मी अडकवला म्हणाले होते. त्यापुढे आणखी काय बोलणार?" तिनं टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळली. "तिनं तेवढं ऐकायला हवं होतं."

"तिला सांगितलं आज. ती येईल. झबलं घातलंय बाळाला." मी एका दमात म्हणाले आणि दाराची चौकट घट्ट धरली. अजून बरंच बोलायचं होतं, माफी मागायची होती, वाक्यं वाटेत जुळवली होती. पण उभं राहवेना. तीस बायकांच्या मुंड्या नजरेनं खाली घालायला लावणारी मी, तिच्या दारात गुडघे आवळून उभी होते.

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि दारातून बाजूला झाली.

"आधी जाऊन या, बाई. मग सांगा. डाव्या हाताला आहे. कडी नीट लागत नाही, पण कुणी येणार नाही."