जाकीट भिजवू नये

जाकीट फार मऊ होतं. मनीषाला पहिल्यांदा खटकलं ते हेच.

आपल्या लेकीच्या, आकांक्षाच्या छातीवरचा पट्टा आवळताना तिचा अंगठा त्या नारिंगी कापडात सरळ आत गेला आणि सोडल्यावर कापड दिवाणावरच्या गादीसारखं हळूहळू वर आलं. शिवणही नवी होती, पोत्याला घालतात तसे जाड, पांढऱ्या दोऱ्याचे टाके. हे किती वजनाच्या माणसासाठी आहे ते सांगणारी पट्टी आतल्या बाजूला असायला हवी होती. तिथे उसवल्याच्या खुणा तेवढ्या होत्या.

मनीषा नवीन जालना भागातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पिशवीवर काय छापलंय आणि पिशवीत काय निघतं, हे तपासण्यात अकरा वर्षं गेल्यामुळे तिचा विश्वास जरा सावकाश बसायचा. घरात त्याची चेष्टा व्हायची. तिच्या सासूबाई, आसराबाई, तर म्हणायच्या की आमची सून देवळातला प्रसाददेखील वास घेऊन खाते.

रविवारी मंठ्याहून परतताना तलावावर थांबायची कल्पना रामेश्वरची, तिच्या नवऱ्याची. तलाव यंदा काठोकाठ भरला होता आणि दिवाळीपासून तिथे बोटिंग सुरू झालं होतं. बारा जणांची इंजिनाची बोट, पत्र्याची शेड, दोरीवर टांगलेली जाकिटं आणि हाताने रंगवलेली पाटी: ‘दारू पिऊन बसू नये. बोटीत उभे राहू नये. जाकीट भिजवू नये.’

तिसरी ओळ तिने दोनदा वाचली. रामेश्वर आणि आकांक्षा बोटीत जाऊन बसले, तेव्हा ती शेडकडे वळली.

“दादा, जाकीट भिजवायचं नाही म्हणजे?”

बोटीचे मालक तातेराव पन्नाशीचे, उन्हाने रापलेले. दोरीवरचं एक जाकीट झटकत ते म्हणाले, “पोरं पानी उडवून राह्यलेत ना ताई. एकदा भिजलं की वाळायला दोन दिस लागतात. मंग गिऱ्हाईकाला काय देऊ, टावेल?”

बाकड्यावर बसलेली माणसं हसली. मनीषा हसली नाही. जे पाण्यात पडल्यावर माणसाला वाचवणार, ते वाळायला दोन दिवस?

तिने बोटीकडे पाहिलं. इंजिनाजवळ तातेरावांचा मुलगा कल्याण उभा होता. त्याच्या अंगातलं जाकीट विटलेलं, फळीसारखं ताठ, कानापर्यंत आलेलं. गिऱ्हाइकांची सगळी मऊ आणि चालवणाऱ्याचं तेवढं वेगळं.

“आकांक्षा, उतर गं,” ती म्हणाली, पण तोवर इंजिन सुरू झालं होतं. रामेश्वरने हाताने ‘तू राहिलीस की!’ अशी खूण केली आणि अकरा माणसं घेऊन बोट निघाली.

“तुमच्या मुलाचं जाकीट वेगळं का?”

“ते जुनं हाय.” तातेरावांनी नजर दुसरीकडे वळवली.

“मला यातलं एक द्या. पाण्यात घालून बघते.”

“बिलकुल न्हाई.” ते दोरीच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभे राहिले. “सांगितलं ना, भिजतं म्हनून.”

“काय लपवताय?”

“लपवायला मी काय चोरी केली? सकाळपासून तीन फेऱ्या झाल्या, कोनी हूं की चूं केलं न्हाई!”

आसराबाई बाकड्यावर शेंगा फोडत होत्या. “अगं बाई, तुझी लॅब हितं बी आली का? बस की घडीभर.”

मनीषाने तातेरावांना वळसा घातला, टोकाचं जाकीट ओढलं आणि चपलांसकट पाण्यात उतरली. जाकीट छान तरंगलं.

“बघा! झालं समाधान?” तातेराव काठावरून ओरडले. कुणीतरी टाळी वाजवली.

तिने जाकिटावर पाय ठेवला आणि ते चिखलापर्यंत दाबलं. बुडबुडे आले. पायावर भार देत, सोडत, पुन्हा देत ती घड्याळाकडे बघत राहिली. बुडबुडे येतच होते. चांगल्या जाकिटातला फोम म्हणजे बारीक, बंद फुगे. दाबला तरी त्यात पाणी शिरायला वाट नसते. हे मात्र भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं पाणी पीत होतं. तिकडे बोट तलावाच्या मध्यावर पोचली होती. आकांक्षाचा पिवळा फ्रॉक बोटाच्या पेराएवढा दिसत होता.

चार मिनिटांनी तिने पाय काढला. जाकीट उसळून वर आलं नाही. सावकाश आलं, तेही एक कोपरा. तिने त्यावर मुठीएवढा दगड ठेवला, तसं ते दगडासकट खाली गेलं.

“उचला,” ती म्हणाली.

तातेरावांनी वाकून एका हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी. पाणी धो धो गळत होतं. त्यांचा चेहरा उतरला.

“गादीवाल्यानं भरलं,” ते म्हणाले. “आधीचं कडक व्हतं. मानेला लागतं म्हनून लोकं घालतच नव्हते. म्हनलं मऊ करून आनू, मंग तरी घालतील.”

“सगळी?”

“सगळी. कल्याणला म्हनलं तू जुनंच वापर, नवं गिऱ्हाईकाला ऱ्हाऊ दे.”

खरं की बनाव, हे ठरवायला वेळ नव्हता. तातेरावांनी तोंडाभोवती हात धरून हाक मारली, “कल्याण! ए कल्याण! माघारी फीर!” बोटीतल्या दोघांना वाटलं, काठावरून कुणी टाटा करतंय. ते उभे राहून हात हलवायला लागले. बाकीचेही त्याच बाजूला झुकले आणि बोट कलली.

मनीषाने तातेरावांचं मनगट धरलं. “ओरडू नका. सगळे एका अंगाला आले तर कलंडेल. फोन लावा.” आसराबाई पदर हलवत काठाशी आल्या होत्या. “आई, खाली बसा. हात हलवू नका.” या आवाजात ती सासूशी कधी बोलली नव्हती. आसराबाई होत्या तिथेच मातीत बसल्या.

“काय सांगू?” तातेरावांनी खिशातून फोन काढला. “जाकिटाचं सांगू?”

“नको, घाबरतील. वारा सुटतोय म्हणा. सगळ्यांना खाली बसव म्हणावं, आणि हळू वळवून आण.” ती थांबली. “कल्याणला पोहता येतं?”

“येतं.”

पुढचं तिने मागितलं नाही. बोटीत लहान मूल एकच होतं, ते दोघांनाही दिसत होतं. तातेरावांनी एकदा बोटीकडे पाहिलं आणि नंबर लावला.

“कल्याण, ऐक. वारा सुटायलाय. समद्याला खाली बसव, हळू माघारी फीर, जल्दी करू नको. आन तुझं जाकीट काढ, त्या पिवळ्या फ्रॉकच्या पोरीला घाल. का म्हनून इचारू नको. मी सांगून राह्यलो ना!”

मनीषा डोकी मोजत राहिली. अकरा. विटलेला नारिंगी ठिपका पिवळ्या ठिपक्यावर सरकला. बोटीने मोठा वळसा घेतला, कुणीतरी पुन्हा उठलं, पुन्हा बसलं. अकरा. बोट काठाला टेकेपर्यंत तिने दुसरीकडे पाहिलं नाही.

“कुठाय वारा?” रामेश्वर चिडलेला होता. “अर्ध्यातून परत आणलं!” आकांक्षाला उचलून मनीषाने कोरड्या जमिनीवर ठेवलं आणि भिजलेलं जाकीट त्याच्या हातात दिलं. त्याचा हात खाली गेला.

तेवढ्यात तीन मोटारसायकली येऊन थांबल्या. “तातेराव, चला! जाकीट नको आमाला, पवता येतं!”

“बंद हाय,” तातेराव म्हणाले. त्यांनी बोट ओढून बाभळीला साखळीने बांधली आणि कुलूप लावलं. रामेश्वर गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. मनीषा मात्र जागची हलली नाही. नापास झालेलं बियाणं महिन्याभरात दुसऱ्या पिशवीतून परत आलेलं तिने पाहिलं होतं.

“आजून काय, ताई?”

“नवी जाकिटं आणाल तेव्हा मला कळवा. त्यातलं एक मी बुडवून बघणार.”

“या. तुमच्या हातानं बुडवा.” त्यांनी नंबर सांगितला.

तिने तो तिथेच लावला आणि वाट पाहिली. तातेरावांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. त्यांनी एकदा खिशाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“बराबर हाय?”

“हो,” ती म्हणाली आणि गाडीकडे निघाली.