बसायला ठोकळे, वाचायला माकड

एप्रिल लागला की दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये दोन गोष्टी ठरलेल्या असतात. कूलरची जुनी गवताची जाळी बदलायची आणि भीमजयंतीच्या बैठकीत चहा संपेपर्यंत भांडायचं. यंदा त्यात तिसरी गोष्ट घडली. लुंबिनी बोलली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, ही तीच लुंबिनी, जी मागच्या वर्षापर्यंत पाहुणे आले की आईच्या ओढणीआड जायची. पण शाळेच्या वादविवाद स्पर्धेत एकदा माइक हाती आला, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून पोरगी जी सुटली ती सुटलीच. बैठकीत मंडपाच्या रंगावरून मोठी माणसं हमरीतुमरीवर आली होती, तेवढ्यात ही खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "जय भीम! यंदा हार-फुलं नकोत. प्रत्येकाने पुस्तकं आणा. समाज सदनात आपण लहान मुलांचं आणि त्यांच्या आई-बाबांचं वाचन सुरू करतोय."

"करतोय म्हणजे? कोण करतंय?" तिच्या बाबांनी, सिद्धांतरावांनी, दबक्या आवाजात विचारलं.

"मी!"

खरं तर कल्पना तिची नव्हती. 'ओसरी' नावाची एक चिमुकली संस्था आहे. घरदार सोडून दिल्लीकडे कामाला आलेल्या कुटुंबांना ती गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेली पत्र्याची ट्रंक देते. दर महिन्याला जुनी ट्रंक जाते आणि नवी येते. अट एकच, मुलाने एकट्याने वाचायचं नाही. घरातलं मोठं माणूस शेजारी हवं, आणि त्या मोठ्या माणसाला वाचता येत नसेल तर त्यानेही मुलाच्या बोटाला धरून शिकायचं. पण ट्रंका मोजक्या आणि मागणारे फार. शिवाय काही ठिकाणी त्या कपाटावर धूळ खात पडलेल्या सापडल्या. म्हणून संस्थेच्या अश्लेषाताईंनी नियमच करून टाकला होता, आधी एक रविवार तुमच्या स्वतःच्या पुस्तकांवर वाचन चालवून दाखवा. कुटुंबं रमली तर ट्रंक तुमची. नाही रमली तर ती रांगेतल्या पुढच्या वस्तीकडे जाणार, आणि तुम्ही रांगेच्या शेवटी.

लुंबिनीने त्यासाठी शब्द दिला होता, तोही प्रणितावहिनीला. वहिनी दिल्लीबाहेर, मानेसरला राहायची. नवरा हणमंत तिथल्याच एका कारखान्यात कामाला, आणि मुलगा सहा वर्षांचा मानस. फेब्रुवारीत एका लग्नात वहिनी तिला म्हणाली होती, "माझी सासू लातूरहून फोन करती आन् ह्यो तिला हिंदीतनं उत्तर देतो. म्हातारी गप ऐकती आन् फोन ठिवून देती. घरात एक मराठी पुस्तक न्हाई, आन् असलं तरी मला कुठं धड वाचता येतंय? सातवीत सुटलं ते सुटलं."

"वहिनी, तुम्ही काळजीच करू नका!" लुंबिनीने छाती ठोकून सांगितलं होतं. छाती ठोकायला तिला तेव्हा फार आवडायचं.

*

जयंतीला पुस्तकांचा नुसता पाऊस पडला. दिल्लीत परीक्षांच्या तयारीला आलेली मराठी मुलं पाठीवर सॅक घेऊन आली. सरोजिनी नगरचे काका स्कूटरवर पोतं बांधून आले. ऑफिसातली माणसं गाडीच्या डिकीतून खोकी उतरवत होती. सिद्धांतरावांनी सगळा माल शिस्तीत पोत्यांत भरला, तोंडं सुतळीने आवळली आणि बाल्कनीत रचून ठेवला.

"रिसीव्ह झाली बरं का तुझी पुस्तकं," ते खुशीत म्हणाले. "जरा उघडून बघ."

"बाबा यार, पुस्तकं ती पुस्तकं! उद्या माझी युनिट टेस्ट आहे."

टेस्ट झाली, मग मैत्रिणीचा वाढदिवस झाला, आणि थेट रविवार उजाडला. समाज सदनात सतरंज्या घातल्या. पंखे घरघरू लागले. सात-आठ कुटुंबं आली. प्रणितावहिनी तर शेअर ऑटो, मग मेट्रो, मग दुसरी मेट्रो असा प्रवास करून, मानसला नवा शर्ट घालून आली होती. लुंबिनीने ऐटीत पहिल्या पोत्याची सुतळी कापली.

आतून निघाला राज्यव्यवस्थेचा ठोकळा.

ठोकळा म्हणजे स्पर्धा परीक्षेचं ते जाडजूड पुस्तक, जे उशाला घेऊन झोपलं तर मान धरते. त्याखाली अर्थव्यवस्थेचा ठोकळा. त्याखाली भूगोलाचा. दुसऱ्या पोत्यात पाच वर्षांपूर्वीच्या चालू घडामोडी. तिसऱ्यात बुद्धिमत्ता चाचणी. तिने शेवटचं पोतं तर उलटंच केलं. धाडकन पंचायत राज पडलं.

लुंबिनीच्या तोंडचं पाणी पळालं. चूक तरी कुणाची म्हणायची? पुस्तकं देणारा जो तो या शहरात परीक्षा द्यायला नाहीतर परीक्षा देऊन आलेला. त्यांच्या लेखी पुस्तक म्हणजे परीक्षेचं, आणि आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं तेच त्यांनी मनापासून दिलं होतं.

"बाबा! तुम्हाला दिसलं नाही?"

"मला वाटलं, लाँग टर्म प्लॅनिंग आहे," सिद्धांतराव म्हणाले.

कोपऱ्यात प्रतीक चष्मा पुसत उभा होता. तो नांदेडचा. राजेंद्र नगरला एका खोलीत राहून तयारी करायचा आणि आज मदतीला आला होता. "भूगोलाचं माझं आहे," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. "नकाशे चांगले आहेत गं त्यात."

"सहा वर्षांच्या मुलाला मान्सूनची निर्मिती वाचून दाखवू, दादा?"

तेवढ्यात बाहेर ऑटो थांबली. अश्लेषाताई आल्या. खादीचा कुर्ता, गळ्यात पाण्याची बाटली. मागच्या सीटवर निळी ट्रंक दिमाखात बसलेली. ताई ऑटोवाल्याला म्हणाल्या, "भैया, ज़रा रुकना. देखते हैं, उतारनी है या आगे ले जानी है."

आत मुलांनी तर कहर केला होता. त्यांनी ठोकळ्यांचं घर बांधलं, घर पाडलं, आणि आता त्यांच्यावर बसून पाय हलवत होती. आई-बाप एकमेकांकडे बघत होते. मानस शर्टाची कॉलर चावत म्हणाला, "मम्मी, घर चलो ना. बोअर हो रहा है."

ताई दाराशी उभ्या राहिल्या. त्यांनी ठोकळ्यांवरून नजर फिरवली.

वादविवाद स्पर्धेतली सगळी वाक्यं लुंबिनीला सोडून गेली. "ताई, ते... म्हणजे असं झालं की..."

"चालू दे तुझं," ताई म्हणाल्या. "मी बसते." आणि त्या अर्थव्यवस्थेवर बसल्या.

मानसने भोकाड पसरायची तयारी केली. प्रणितावहिनी शरमेने लाल झाली. त्याला मांडीवर ओढून ती हळूच कानाशी म्हणाली, "रडू नगंस. ऐक, पप्पाचा डबा माकडानं कसा नेला ते सांगू?"

मानस थांबला. "वो वाला?"

"त्योच. पप्पा कंपनीच्या बसला उभा. हातात डबा. डब्यात काय?"

"भेंडी!"

"भेंडी. आन् भिंतीवर बसलंय माकड, असं, गाल फुगवून. पप्पा म्हणतो, हाड! माकड म्हणतं, तूच हाड!"

शेजारची दोन मुलं ठोकळ्यांवरून घसरत जवळ आली. मग आणखी चार. वहिनीचा आवाज चढला. बस आली, डबा माकडाकडे, माकड लिंबाच्या झाडावर, हणमंत खाली, आणि बसमधली सगळी कंपनी खिडकीतून ओरडतेय, 'हणम्या, भेंडी सोड, बस पकड!' सदनात हशा पिकला. ताईसुद्धा हसल्या.

आणि लुंबिनीच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

"वहिनी, थांबा! पुन्हा पहिल्यापासून सांगा! प्रतीकदादा, तुझ्या बॅगेत कोरे कागद आहेत ना?"

असणारच. परीक्षेची तयारी करणाऱ्याच्या बॅगेत एकवेळ जेवण नसेल, पण उत्तरं लिहायच्या सरावाचे कोरे कागद असतात. प्रतीक मांडी घालून बसला. पेनाचं टोपण काढलं की हा माणूस वेगळाच होतो. हात मशीनसारखा चालू लागतो, अक्षर मोत्याचं.

"शब्दमर्यादा?" त्याने विचारलं.

"दादा!"

"बरं बरं. प्रस्तावना लिहितो. 'मानवाचे वानराशी असलेले नाते प्राचीन असून—'"

"काट ते!" लुंबिनी ओरडली. "वहिनी जसं बोलतात, अगदी तसंच लिही. 'पप्पा बसला उभा. हातात डबा.' बिल्कुल तसंच. आणि मोठ्या अक्षरात."

प्रतीकने काटलं. परीक्षेत त्याने इतकं सोपं वाक्य कधी लिहिलं नसावं. त्याला घाम फुटला होता. एका पानावर दोन ओळी आणि खाली चित्राला जागा. मानसने पालथं पडून माकड काढलं. त्याला तीन हात झाले. "एक डब्बे के लिए," तो म्हणाला. मग काय विचारता! पलीकडे एक आजोबा आपल्या नातीला विहिरीत पडलेल्या चपलेची गोष्ट सांगू लागले, एका बाबांना गाढवाच्या पाठीवरची वरात आठवली. लुंबिनी इकडून तिकडे कागद वाटत पळत होती. सिद्धांतराव पानांना टाचण्या मारत होते, अगदी ऑफिसच्या फायलीसारख्या, डावीकडे वरच्या कोपऱ्यात.

पण खरी गोष्ट तर पुढे होती. ओसरीचा नियम गोष्ट वाचायचा होता, नुसती सांगायचा नव्हे.

लुंबिनीने टाचलेली पानं प्रणितावहिनीच्या हाती दिली. वहिनीने ती अशी धरली जणू गरम तवाच. "तू वाच ना, माय. मी अडखळती."

"तुमचीच वाक्यं आहेत, वहिनी. ती कुठे पळून जातायत?"

वहिनीने पदराने बोट पुसलं आणि पहिल्या शब्दावर ठेवलं. "प... पप्पा. बस... ला. उभा." थोडं थांबून, "हातात डबा." ती दचकून वर बघायला लागली, इतकं न अडखळता कुणी मागून बोललं की काय! दुसरं पान थोडं भरभर गेलं. तिसऱ्या पानावर मानसने तिचं बोट बाजूला सारलं आणि स्वतःचं ठेवलं. हिंदीमुळे अक्षरं त्याला येतच होती. "भें-डी," तो म्हणाला. मग दोघांची बोटं पुढेमागे चालू लागली. कधी आई अडली की लेक सांगे, कधी लेकाला शब्द कळला नाही की आई सांगे.

ताई उठल्या.

"लुंबिनी, पुढच्या वेळी पोती उघडून बघशील का?"

"हो," लुंबिनी मान खाली घालून म्हणाली. "आधी बघेन, मग छाती ठोकेन."

"छान. एक अडचण आहे पण. हे माकडाचं पुस्तक मला ट्रंकेत हवंय, पुढच्या वस्तीला दाखवायला."

"नहीं दूँगा!" मानसने पानं छातीशी धरली. मग ताईंकडे नीट बघून, शब्द जुळवत म्हणाला, "हे... आजीला. फोनवर. वाचायचंय."

वहिनी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"मग दुसरी प्रत काढावी लागेल," ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी प्रतीककडे पाहिलं. त्याने सुस्कारा सोडून पेनाचं टोपण काढलं.

ताई दाराकडे वळून ओरडल्या, "भैया, उतार लो!"

ऑटोत कुणीच नव्हतं. ऑटोवाला केव्हाचा सदनाच्या खिडकीच्या गजांना धरून गोष्ट ऐकत उभा होता. त्याने ट्रंक खांद्यावर घेतली, आत आणली, सतरंजीच्या मधोमध ठेवली. लुंबिनी कडी उघडायला धावली, तर तो चक्क ट्रंकेवरच बसला.

"रुको बेटा," तो म्हणाला. "बंदर अभी पेड़ पर है. डब्बा मिला कि नहीं?"

मानसने पान उलटलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "अंकल, पहले मराठी में सुनो. फिर बताता हूँ."