तिसरं अक्षर

एकशे बारा नमुने, आणि मधली एकशे ऐंशी अक्षरं सगळ्यांत तंतोतंत एकसारखी. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तरी एकसारखीच.

टोमॅटोची पानं मुडपून टाकणाऱ्या एका विषाणूवर ती सात वर्षं काम करत होती. शेताशेतांतून आलेल्या पानांमधला विषाणू वेगळा काढायचा, त्याचं जनुक अक्षर अक्षर वाचायचं आणि तो कुठे कसा बदलतोय ते बघायचं, असं ते काम. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरी शब्दांची. त्यातलं तिसरं अक्षर बदललं तरी बहुतेक वेळा अर्थ तोच राहतो, म्हणून तिथे हमखास काहीतरी इकडचं तिकडे झालेलं सापडतं. या जनुकातही मागेपुढे सगळीकडे तसं होतं. मधल्या त्या पट्ट्यातच नव्हतं. शंभरावर शेतांतली पानं, आणि काना-मात्रेचाही फरक नाही?

"पाणी कुठेतरी मुरतंय," ती पुटपुटली. आणि कुठे मुरतंय ते सुचताच, ते खरं नसावं असं तिला वाटलं. कारण जनुक वाचणारं यंत्र सांभाळायचा तो तिचा धाकटा दीर. तिनंच शब्द टाकून त्याला या प्रयोगशाळेत चिकटवलं होतं.

माणूस वाईट नव्हता. पण गेल्याच वर्षी शीतपेटीच्या तापमानाची आठवडाभराची नोंद त्यानं शुक्रवारी एका बैठकीत भरली होती. पाच दिवस, एकच पेन, एकच आकडा. तेव्हा तिनं ते कुणाला न सांगता हसण्यावारी नेलं होतं. आता वाटलं, ज्याला आकडे डकवता येतात त्याला अक्षरं डकवायला कितीसा वेळ? एका नमुन्याचं वाचन स्वच्छ आलं, बाकीच्यांचं मध्येच धूसर आलं, की उचलायचं आणि चिकटवायचं.

"भाऊजी, मधल्या भागाचं वाचन नीट येतं ना?" तिनं विचारलं.

"येतं की. का हो, वहिनी?"

"सहज."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिनं बरोबर हेरल्या. दुसऱ्या दिवशी ती मागून आली तर त्यानं पडद्यावरचं काहीतरी झटकन बंद केलं. मग तिनं दाराची नोंद काढली. लागोपाठ तीन शनिवार, सुट्टी असताना, हा एकटा आत! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

घरी जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं.

"त्याच्याकडे नाक्यावरच्या शिपायासारखी काय बघतेस?" नवऱ्यानं विचारलं.

"मी कुठे बघतेय?" ती म्हणाली. दीर मान खाली घालून जेवत राहिला.

सोमवारी ती प्रमुखांकडे गेली. हे गृहस्थ इतके बारकाईनं चुका काढायचे की पाठीमागे सगळे त्यांना 'भिंग' म्हणत. पट्ट्याचं आणि शनिवारांचं भिंगांनी ऐकून घेतलं. "नातं मध्ये आणलं नाहीत, हे बरं केलंत," म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत दिराकडून यंत्राच्या खोलीची किल्ली काढून घेतली. चौकशी होईपर्यंत त्यानं काचगृहात कुंड्यांना पाणी घालायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या टेबलापाशी आला आणि कागदांचा गठ्ठा ठेवून उभा राहिला.

"तक्रार कुणाची ते मी विचारत नाही. हे बघा फक्त. तो पट्टा मलाही दोन महिन्यांपूर्वी खटकला होता. वाटलं, माझ्याच हातून नळ्या एकमेकींत मिसळल्या. सांगायची हिंमत झाली नाही. त्या तापमानाच्या भानगडीनंतर माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून शनिवारी येऊन चौदा नमुने जपून ठेवलेल्या पानांपासून परत केले."

"आणि?"

"तेच आलं. चौदाच्या चौदा."

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ ते कागद चाळत बसली. यंत्राचे कच्चे आलेख होते, त्यांत डकवाडकवी शक्यच नव्हती. म्हणजे माणसानं काही केलं नव्हतं. मग तिथले बदल पुसत कोण होतं?

तिनं पट्टा पुन्हा वाचायला घेतला, पण एक अक्षर सोडून. शब्दांची फोड बदलली. चुकीच्या फोडीत एरवी वीसेक शब्दांत 'थांबा' सांगणारा शब्द, म्हणजे पूर्णविराम, येऊन वाचन तुटतं. इथे सबंध पट्टाभर, साठ शब्द, एकही पूर्णविराम नाही. एकशे बाराही नमुन्यांत नाही. त्याच अक्षरांत दुसरं जनुक लपलेलं होतं! आणि पहिल्याचं बेफिकीर तिसरं अक्षर दुसऱ्याच्या शब्दात मधोमध येत होतं, जिथे बदल झाला की अर्थ बदलतोच. बदल तिथेही होतच असणार. पण ज्याच्यात झाला तो विषाणू मागे पडत असणार, त्याची पिलावळ पानापर्यंत पोचतच नसणार.

भिंगांना तिनं लेखी कळवलं की चूक माझी. किल्ली परत मिळाली. दिरानं ती खिशात टाकली आणि त्या दिवसापासून तिला 'वहिनी'ऐवजी 'मॅडम' म्हणायला लागला. घरी दोघांचे निरोप नवरा पोचवायचा. "टपालखात्यात नोकरी लागल्यासारखं वाटतंय मला," तो म्हणे.

आता पडताळा हवा होता. तिनं विषाणूत एक अक्षर असं बदललं की पहिलं जनुक जसंच्या तसं राहावं आणि दुसऱ्याच्या मध्ये पूर्णविराम पडावा. वीस रोपांना मूळ विषाणू लावला, विसांना हा मोडका. बाराव्या दिवशी पहिली वीस मुडपली. दुसरी ताठ उभी होती. तिला हायसं वाटलं. पण चौथ्या आठवड्यात त्यांतलीही दोन मुडपली, आणि त्यांतल्या विषाणूत ते अक्षर परत मूळचं निघालं.

तिचं मन क्षणात जुन्या वाटेला लागलं. कुंड्या बदलल्या? कुणी मूळ विषाणू लावला? तिनं मान वर केली तर दीर तिच्याकडेच बघत होता.

"काचगृहाची किल्ली महिनाभर तुमच्याच पर्समध्ये आहे, मॅडम," तो शांतपणे म्हणाला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही काय कराल माझ्या जागी?" तिनं विचारलं.

"मोडक्या विषाणूत दुसरीकडे एक निरुपद्रवी खूण घातली होती ना आपण, मूळ विषाणूत नसलेली? ती बघेन."

दोघांनी मिळून पाहिलं. दोन्ही रोपांत खूण जागेवर होती. म्हणजे बाहेरून काही आलं नव्हतं. लाखो प्रतींत कुठेतरी ते अक्षर चुकून पूर्ववत झालं होतं, आणि तेवढाच वंश वाढून रोपभर पसरला होता.

"मी त्या दिवशी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, भाऊजी," ती म्हणाली.

"हो, हवं होतं," तो म्हणाला. खुर्ची ओढून बसला. "शोधनिबंधात माझं नाव घालणार असाल तर शीतपेटीचं प्रकरण आधी भिंगांना मीच सांगतो. नंतर कुणी उकरून काढायला नको."

"मी येते बरोबर."

"नको," तो म्हणाला, आणि एकटाच जिन्याकडे निघाला.