मनुबाईचा डावा पाय

रकाना ४ : दुखण्याची जागा

"जरा खाली. न्हाई, त्याच्याबी खाली. हां, हितं," अर्जुना म्हणाला.

कपड्यांच्या खोलीत सतरंजीवर तो पालथा पडला होता. मनुबाईने एक हात भिंतीला टेकला, लुगडं सावरलं आणि डाव्या पायाचा अंगठा त्याच्या कमरेवर ठेवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा जोर दिला.

"ऊठ आता."

अर्जुना उठला नाही. अठरा वर्षं पलटणीत काढून आलेला माणूस. दवाखान्यात स्ट्रेचरचं पुढचं टोक नेहमी त्याच्याच हातात असे. उसण भरली की तो मनुबाईच्या पायाखाली यायचा आणि मिशीत हसत उठायचा. आज तसाच पडून राहिला.

"आक्का, तुजा पाय म्हातारा झाला बग."

"तुजी पाठ म्हातारी झाली. पाय हाय तसाच हाय."

बोलली खरी, पण पाय काढून घेताना ती थबकली. पाठ ऊन होती. सदऱ्याच्या कापडातूनही तळव्याला झोंबत होती.

रकाना १ : नाव, वय, काम

फॉर्म नावापासून सुरू होतो. ही गोष्ट पाठीपासून सुरू झाली, त्याला इलाज नाही.

मनुबाई. नवऱ्याचं नाव कोंडीबा, तो गेला. माहेर औंध. वय पंचेचाळीसच्या आसपास. काम आयाचं, सांगलीजवळच्या एका धर्मादाय रुग्णालयात. अकरा वर्षं झाली, अजून हंगामी. सन १९७३. गणपती उठून आठवडा झाला होता आणि दसऱ्याला ट्रस्टचे भूपालअण्णा चार आयांना कायम करणार होते. कायम झालं की दवाखान्यामागच्या चाळीतली खोली जन्मभराची. नाही झालं तर ज्या दिवशी हात थकतील त्या दिवशी ट्रंक उचलून कुठे जायचं, हे मनुबाईला माहीत नव्हतं.

फॉर्मात नसलेली माहिती : जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाला पायाळू म्हणतात. त्याचा पाय लागला की भरलेली उसण निघते, हे औंधात जसं ठाऊक तसं सांगलीतही. रोगी उचलून उचलून दवाखान्यात रोज कुणाची तरी कंबर धरायची.

आधीच्या डॉक्टरांनी कपड्यांच्या खोलीच्या दारावर पाटी लावली होती. आवारात अंगारे, गंडे, पाय लावणे असले प्रकार करणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. पाटी दाराच्या बाहेरच्या अंगाला होती. आतल्या अंगाला कुणी काही लिहिलं नव्हतं.

रकाना ५ : ताप

दवाखान्यात रोग्यांचा ताप दिवसातून दोनदा पाहतात. कामगारांचा कुणी पाहत नाही.

अर्जुना त्या आठवड्यातली सातवी पाठ. मनुबाई आठवू लागली. परवा धोब्याची पाठ ऊन होती. काल साळूबाईची. तिला वाटलं होतं, उन्हात चादरी वाळत घालून आली असेल. नव्या डॉक्टरीणबाईंनी, गुणमालाबाईंनी, सगळ्यांना चोळायला तेल दिलं होतं आणि वजन उचलताना गुडघे वाकवा म्हणून सांगितलं होतं. त्यांनाही ती उसणच वाटली. वजन उचलणाऱ्या माणसाची कंबर दुखली तर दुसरं काय वाटणार?

"सांगनार हाईस व्हय त्यास्नी?" साळूबाईने विचारलं. ती मनुबाईच्या जोडीची आया. खाटेवरून रोगी उचलताना तीनपर्यंत मोजायचं काम तिचं. "इचारतील, तुला कसं कळलं. मग काय सांगशील? दारावरची पाटी वाचलीस का?"

"मला कुटं वाचता येतंय."

"मग मी सांगती काय ल्हिवलंय. दसऱ्यापतोर पाय पोटाशी घिऊन गप बस."

मनुबाई एक दिवस गप बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एका म्हातारीला खाटेवरून उचलत होत्या. साळूबाई म्हणाली, एक, दोन, तीन. आणि तीनलाच तिच्या हातातली चादर सुटली. सगळं वजन मनुबाईवर आलं. म्हातारी पडली नाही. मनुबाईच्या कमरेत मात्र जुन्या जागी कळ उठली. साळूबाई खाटेच्या पायाशी बसकण मारून थरथरत होती. कपाळ नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं.

मनुबाई तशीच तपासणीच्या खोलीत गेली.

"डाक्टरीणबाई, आमच्या मानसांस्नी ती काचंची नळी लावा."

"कुणाला ताप आहे?"

"लय जणांस्नी. उसण न्हवं ती. उसण गार असती."

गुणमालाबाईंनी मान वर केली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, डोळ्यांखाली काळं. "तुम्हाला कसं कळलं? हात लावून पाहिलात?"

मनुबाई हो म्हणाली असती तर विषय तिथेच मिटला असता. तिने खाली आपल्या पायाकडे बघितलं.

"हात न्हवं," ती म्हणाली.

रकाना ७ : केलेले उपचार

एकोणीस कामगारांत अकरा जणांना ताप निघाला. अर्जुनाला एकशे तीन. गुणमालाबाईंनी सगळ्यांना घरी पाठवलं, रक्ताच्या बाटल्या पुण्याला धाडल्या आणि हाताने रेघा मारून हा फॉर्म तयार केला. प्रत्येकाचा एक कागद. सातव्या रकान्यावर पेन थांबलं.

"इथं काय लिहू, मनुबाई? हे कागद अण्णांकडे जाणार आहेत."

"झालं ते ल्ह्या."

त्यांनी लिहिलं : तेल चोळले. पाय लावला, तीन वेळा. मग तेच सात कागदांवर.

"बाई, एक इचारू? ह्याच्या पाठीवरनं त्याच्या पाठीवर माज्या पायानंच न्हेला न्हवं ताप?"

"अजून सांगता येत नाही," गुणमालाबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, आणि मनुबाई दोन दिवस नीट जेवली नाही.

रकाना ६ : दुखणे किती दिवसांपासून

चौथ्या दिवशी ती स्वतः पडली. सहा नंबरची खाट. ती चादर तिनेच सोमवारी घातली होती.

ती पडून चार दिवस झाले तोवर अर्जुना आणि साळूबाई उठून फिरू लागले होते. खाट बदलायला दोघं आले. "एक, दोन, तीन," साळूबाई म्हणाली आणि मनुबाई अधांतरी झाली. अकरा वर्षांत तिला कुणी उचललं नव्हतं.

"एवढीच व्हय गं तू आक्का?" अर्जुना म्हणाला. "मला वाटलं गाडीभर असशील."

"लाव की आता तुजा पाय तुज्याच पाठीला," साळूबाई म्हणाली. हसता हसता तिने पदराने मनुबाईचं तोंड पुसलं.

दुपारी गुणमालाबाई कागद घेऊन खाटेशी बसल्या. "कंबर कधीपासून दुखते?"

साळूबाई मागे उभी राहून खुणावत होती. चार बोटं. चार दिवस म्हण, चार दिवस. तापाचं दुखणं तापाबरोबर जातं. जुनं दुखणं असलेल्या आयेला कायम कोण करेल?

"खरं सांगा," गुणमालाबाई म्हणाल्या. "तापानं किती दुखतं आणि कामानं किती, हे मला कुणीच सांगत नाही. सगळे म्हणतात चार दिवस."

मनुबाईने साळूबाईच्या बोटांवरून नजर काढली.

"दोन येगळ्या कळा हायत्या बाई. तापाची फिरती. सकाळी गुडघ्यात, दुपारी मनगटात, मग कमरंत. माजी फिरत न्हाई. ती चार वर्सं एकाच जागी बसून हाय. बोट द्या, दावती."

तिने डॉक्टरीणबाईंचं बोट धरून कमरेवर नेमक्या जागी ठेवलं. साळूबाईने कपाळावर हात मारून घेतला.

कागदावर लिहिलं गेलं : चार दिवस. आणि त्याच्याखाली : चार वर्षे.

रकाना ८ : शेरा

पुण्याहून कागद आला. विषाणूचा ताप. नाव लांबलचक, कुणाच्या तोंडात बसेना. डास चावून होतो. चाळीमागच्या पिंपांत पावसाचं पाणी साठवलेलं होतं आणि सगळे कामगार त्याच चाळीत झोपत होते. पिंपं उपडी केली.

"पायानं न्हाई न्हवं?" मनुबाईने तीनदा विचारलं.

"नाही. पायानं नाही."

त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

दसऱ्याच्या सकाळी भूपालअण्णा व्हरांड्यात खुर्ची टाकून कागद चाळत बसले. आया दाराशी उभ्या.

"हे सात नंबरला काय हो डॉक्टर? पाय लावला म्हणजे?"

"उपचार, अण्णा. रोग मला कळायच्या आधी त्या पायाला कळला."

अण्णांनी चष्मा काढला. "ती पाटी कुणी लावलेली?"

"आधीच्या डॉक्टरांनी."

"ते गेले न्हवं बदली करून?" अण्णा म्हणाले आणि पुढचा कागद घेतला. त्यावर मात्र त्यांनी बोट ठेवलं. चार दिवस. चार वर्षे. "असं कुणी स्वतःहून सांगत नसतंय," ते हळू म्हणाले.

यादीत चौथं नाव मनुबाईचं होतं. कायम. पुढे शेरा : वजन उचलण्याचे काम देऊ नये. रोज सकाळी कामगारांचा ताप पाहावा.

आकडे तिला वाचता येत नव्हते. गुणमालाबाईंनी नळीवरची बाणाची खूण दाखवली. पारा बाणाच्या पुढे गेला की सांगायचं. ती रोज एकोणीस तोंडांत नळी घालते, दर वेळी धुऊन. अर्जुना नळी तोंडात असतानाही बोलायचा प्रयत्न करतो. ती रागावते. शेजारच्या वॉर्डात साळूबाई नव्या जोडीदारणीला म्हणते, एक, दोन, तीन, आणि मनुबाईचे हात आपोआप थोडे वर उचलले जातात. मग ती ते पदराला पुसते.

रकाना नाही

दिवाळीआधी एका सकाळी गुणमालाबाई कपड्यांच्या खोलीत आल्या. अवघड बाळंतपणात तीन तास वाकून उभ्या होत्या. भिंत धरत चालत होत्या. त्यांनी आतून कडी लावली, मनुबाईच्या पेल्यातली नळी घेऊन स्वतःच्या तोंडात धरली, मिनिटभर उभ्या राहिल्या आणि तिच्यापुढे केली.

मनुबाईने नळी खिडकीच्या उजेडात धरली. पारा बाणाच्या अलीकडे होता.

"गार हाय," ती म्हणाली. "फॉर्म भरायचा का?"

"फॉर्म संपले."

गुणमालाबाईंनी सतरंजी पसरली आणि सावकाश पालथ्या झाल्या. मनुबाईने माठातलं पाणी तांब्यात घेतलं, मोरीत उभं राहून डावा पाय धुतला, बोटांच्या बेचक्यांत धुतला, नव्या धुतलेल्या चादरीच्या टोकाने पुसला. मग भिंतीला हात टेकला.

"कुटं?" तिने विचारलं.

"जरा खाली."