मुद्दाम हारलेला गेम

सुगत माझा नवरा. नावानं सांगते, लाज कायची? तोंडावर 'तुमी' म्हनते, मनात 'तू'च म्हनते. अन् सध्या तो माझ्याशी बोलूनच नाई राहिला. गावात हे कोनाले सांगता येत नाई, म्हनून तुमाले सांगते. मंग तुमीच ठरवा मी चुकली का. चुकली म्हनलं तरी मी भांडनार आहे, हे पयलेच सांगून ठेवते.

आमी अड्याळचे. सुगत विहिरी खोदते. कुदळ-फावड्यानं नाई, ट्रॅक्टरच्या मागं कंप्रेसर राहते, त्याची नळी विहिरीत सोडते, अन् खाली हा डिरील मशीन छातीशी धरून खडकाले भोकं पाडते. त्या भोकात सुरुंग भरते, खडक उडते, कास्तकाराले पानी लागते. लग्न झालं तवापासून हेच काम. ते मशीन अंगात असं भिनते की घरी येऊन हातात गिलास धरला तरी पानी हालत राहे. पयले पयले आमी हासत होतो.

मंग त्याच्या बोटाइले झिनझिन्या येऊ लागल्या, बोटं पांढरी पडाले लागली. थंडीत सकाळी तं पार मेल्यासारखी. मंग झिनझिन्या गेल्या, अन् मी म्हनलं बरं झालं. बरं कायचं, माय! झिनझिन्यासंगं बाकीचंही गेलं. गरम तव्याले बोट लागलं तरी त्याले समजे नाई, वास मलेच ये. शर्टाच्या बटना मी लावून द्याची, मंग आमी टी-शर्टच घेनं सुरू केलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं साफ सांगितलं, हे मशीन सोडा, नाईतर जे उरलं तेही जाईन. "गेलेलं वापस येते का?" मी विचारलं. डॉक्टर खाली मान घालून कागदावर लिहत राह्यला.

कोनाले सांगाचं नाई, असं आमचं दोघाचं ठरलं. मजुराचे हात गेले हे गावाले समजलं की गाव त्याले कामावर बलावत नाई, दया कराले येते. अन् मले दया घरात नको होती.

अशात भुपेंद्रचा फोन आला.

भुपेंद्र म्हनजे सुगतचा लहानपनचा दोस्त. त्याच्या घरी तलावाखालची धानाची शेती. गावात पयला रंगीत टीव्ही त्याइच्या घरी आला, अन् टीव्हीले जोडाचा व्हिडिओ गेमही. पिवळ्या कॅसेटीवाला. कॅसेट अडली की तिच्यात तोंडानं फुकाचं अन् पुन्हा ठोसाची. त्या ओसरीत पोट्टे असे जमत, जसे गुळाले मुंगळे. आमच्या वस्तीतल्या पोट्ट्याइले तवा अंगनातूनच पाहा लागे. पन सुगतले आत घेतलं, कारन भुपेंद्र गेममधल्या ज्या खड्ड्यात पडून पडून रडे, तो खड्डा सुगत डोळे मिटून पार करे. डोळे मिटून! हे मले दोघाइनंही सांगितलं, वेगवेगळं सांगितलं, म्हनजे खरंच असन.

माझा सासरा मंगरू मोठा करारी मानूस होता. त्यानं पोराले एकच शिकवलं: कोनाच्याही घरी गेला तं बरोबरीनं बसजो, वाकून बसू नको. सुगत त्या ओसरीत बरोबरीनं बसला अन् मालकाच्या पोराले दररोज हारवत राह्यला. भुपेंद्रले राग नाई आला. त्याले तेच आवडलं.

आता भुपेंद्र नागपूरले राहते. तलावातला गाळ काढाचे ठेके घेते. दोन पोकलेन आहे त्याच्याजवळ. फोनवर मोठ्या आवाजात बोलला, मलेही आयकू आलं. "आपल्याच तलावाचा ठेका घेतला, दुसऱ्या मशीनवर ऑपरेटर पाह्यजे बे. लय पोट्टे पाह्यले, पन मले तूच आठवला. केबिनमधी दोन दांडे राहते, एक डाव्या हाताले, एक उजव्या हाताले. पुरा व्हिडिओ गेम! तुले तं शिकवाचंही काम नाई. रविवारी येतो, सोमवारपासून चालू."

फोन ठेवून सुगत नुसताच हासत बसला. मी त्याले असं हासताना किती दिवसानं पाह्यलं! मंग हळूच म्हने, "मनगटानं जमते वं. मागं एकाच्या मशीनवर बसून पाह्यलं आहे मी. दांडा मोठा राहते, बोटाचं काय काम?" मी हो म्हनलं. खरं सांगू? मले भेव वाटलं. पन माझा मानूस विहिरीतून वर येऊन सावलीत, गादीच्या खुर्चीवर बसनार होता. ते मुरदाड डिरील सुटनार होतं. मी भेव गिळून टाकलं अन् रविवारसाठी कोंबडी सांगितली.

रविवारी भुपेंद्र आला. गाडी दारात लावली, "जय भीम, वहिनी!" म्हनत आत आला. पोट सुटलं आहे, केस गेले आहे, पन सुगतले पाहून असा बिलगला की मले हासू आलं. अन् हातात काय? एक डब्बा. ऑनलाइन बलावलेला. जुन्या व्हिडिओ गेमसारखाच दिसनारा, पन कॅसेटीची भानगड नाई, सारे जुने गेम आतच भरलेले. टीव्हीले वायर खोसली की झालं.

"वहिनी, तुमाले सांगतो," तो जेवताना बोलला, "नागपुरात मी बॅडमिंटन खेळतो तं सारे हारते. कॅरम खेळतो तं सारे हारते. कोनाले माझ्याजवळून ठेका पाह्यजे, कोनाले बिल पाह्यजे. आयुष्यात मले खरं हारवनारा हा एकच मानूस. आज मले ह्याच्या हातून मार खाचा आहे."

सुगतच्या हातातला घास तसाच राह्यला. मी पाह्यलं. मी म्हनलं, "राहू द्या न भाऊजी, कायले लेकरासारखं! बसा, गोष्टी करा." पन तो आयकते कुठं! टीव्हीसमोर चटई टाकली, दोघं मांडी घालून बसले, अन् गेमचा तो वाजा वाजाले लागला. टुंगटुंग, टुंगटुंग. भुपेंद्रच्या डोळ्यात पानीच आलं तो आवाज आयकून. "आईशप्पथ," म्हने, "ओसरीचा वास येऊन राहिला मले."

पयला डाव उड्या मारनाऱ्या बुटक्याचा होता. सुगतनं रिमोट हातात घेतला. खेळाच्या त्या बटनाच्या डब्बीले पोट्टे रिमोटच म्हनत. बुटका पयाला, अन् पयल्याच खड्ड्यात पडला.

"अबे!" भुपेंद्र खदखदून हासला. "जंग लागला का?"

पुन्हा पयाला, पुन्हा पडला. सुगत टीव्हीकडे नाई, अंगठ्याकडे पाहून राहिला होता. बटन दबलं का नाई, हे त्याले डोळ्यानं पाहा लागत होतं. अन् डोळे खाली गेले की वर खड्डा येऊन जाय. कपाळावर घाम आला होता त्याच्या. मले वाटे उठावं अन् लाइनचं बटन बंद करावं. काहून नाई केलं, देव जाने. मले वाटलं, हारला तं हारला, खेळच तं आहे.

मंग बंदूकवाला डाव लावला. तिथं तं सुगतचा मानूस उभाच राहे अन् गोळ्या खाये. भुपेंद्रचं हासनं कमी होत गेलं. मंग बंदच झालं. त्यानं रिमोट खाली ठेवला अन् सुगतकडे वळून पाह्यलं.

"तू मुद्दाम हारून राहिला का बे?"

सुगतनं रिमोट मांडीवर ठेवला.

"खरं सांग. मी काम देऊन राहिलो म्हनून? तूही?"

आता पाहा, सुगतजवळ दोनच रस्ते होते. हात दाखवाचे अन् कामावर पानी सोडाचं, नाईतर... मी त्याच्याकडे पाहत होती. अन् मंगरूचा पोरगा, जो कोनाच्या ओसरीत वाकून बसला नाई, तो खाली पाहून म्हनला, "हो. काम पाह्यजे न, बाप्पा. मालकाले कोन हारवते?"

भुपेंद्र उठला. चप्पल घातली. चहा मांडला होता मी, तो तसाच उकळत राह्यला. दारात जाऊन तो म्हनला, "काम पक्कं आहे. उद्या सकाळी तलावावर येजो. पन तिथं सारे मले साहेब म्हनते. तूही तेच म्हन." अन् गेला.

काम पक्कं होतं. हे नीट ध्यानात घ्या. त्या घडीले काम पक्कं होतं. मी तोंड शिवून बसली असती तं सोमवारी सुगत पोकलेनवर असता.

पन माझं तोंड! माझी माय म्हने, हिले जीभ देवानं अन् डोकं शेजारच्यानं दिलं. मी सुगतकडे पाह्यलं, तो रिमोट मांडीवर घेऊन तसाच बसला होता, अन् मले असा संताप आला की काय सांगू. कोनावर, ते आजही समजत नाई. ह्या मानसानं माझ्या सुगतले काय समजावं? पाय चाटनारा? मी अनवानी धावली. भुपेंद्र गाडी चालू करत होता. मी काचेवर थापड मारली.

"भाऊजी, तुमाले वाटते तसा नाई तो! मुद्दाम नाई हारला! त्याची बोटं मेली आहे. त्याले बटन समजतच नाई!"

बोलून गेली अन् मंग मले समजलं मी काय बोलली.

भुपेंद्र उतरला. आत आला, सुगतसमोर बसला, त्याचा हात हातात घेतला. अंगठ्याले चिमटा घेतला, जोरात. "हे समजते?" दुसऱ्या बोटाले घेतला. "हे?" मंग तो मोठा मानूस, दोन पोकलेनचा मालक, त्या हातावर डोकं टेकवून ढसाढसा रडला. "माफ कर बे," म्हने. "मी तुले काय समजलो. माफ कर." सुगतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोस्ती तशीच्या तशी, लहानपनची. मले वाटलं, बाप्पा, बरंच झालं.

मंग भुपेंद्रनं डोळे पुसले. अन् बोलला तवा आवाज वेगळा होता.

"पन मशीन नाई देऊ शकत, सुगत. बकेटखाली मानसं राहते. गाळ न्याले ट्रॅक्टरवाले येते, त्याइचे पोट्टे मधात येऊन उभे राहते. दांडा जरासा जास्त दबला तं... तू समज."

"मनगटानं जमते मले," सुगत म्हनला.

"मी पाह्यलं न आता."

त्याचं चुकलं नाई. हेच तं मले खाते. शिव्या द्याले तरी मानूस पाह्यजे न! तो म्हनला, दुसरं काही पाहतो, दवाखान्याचं पाहतो, फोन करतो. सुगतले पुन्हा बिलगला. गाडी गल्लीच्या बाहेर गेली, अन् घरात मी, तो, अन् टीव्हीवर तो वाजा.

मी टीव्ही बंद केला. "बोला काही तरी," म्हनलं. "शिव्या द्या."

"तो मले लाचार समजून गेला होता," सुगत म्हनला. आवाज अगदी शांत. "समजू द्याचं होतं. लाचार मानसाले काम भेटते, रश्मी. त्यानं ये म्हनलं होतं."

"अन् तुमची इज्जत?"

"ते मी इकली होती. माझी होती, मी इकली. वापस आननारी तू कोन?"

मी भांडी घासाले गेली.

सोमवारी सकाळी कंप्रेसरचा ट्रॅक्टर कोपऱ्यावर आला, अन् सुगत त्याच्यावर बसून गेला. विहिरीत कोनी बोटं पाहत नाई.