हळद न लागलेलं लग्न

"रंग आपल्या शब्दाबाहेर जात न्हाई," सम्राट मॉनिटरवर थाप मारून सांगायचा. १९९९ साली आख्ख्या जामखेडात फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर असलेला तो एकटाच, त्यामुळं त्याला खोटं पाडायलाही कुणी नव्हतं.

माहेरी आलेल्या प्रज्ञानं लग्नाचा फोटो फ्रेमसकट त्याच्या काउंटरवर आपटला.

"दादा, साडी कुठल्या रंगाची हाय?"

"पांढरी."

"डोळं उघडून सांगा."

साडी पिवळीजर्द होती. प्रज्ञाची सासू चांगुणाबाई हळद आणि पिवळ्या शालूसाठी महिनाभर अडून बसलेली. 'बौद्ध रीत, पांढरी साडी, हळद न्हाई, न्हाईतर लग्न न्हाई,' असं प्रज्ञानं सुनावलं तेव्हा कुठं म्हातारी नमली. आता हाच फोटो दाखवत ती सासरच्या गावी, तिसगावभर सांगत होती, "शेवटी नेसलीच की पिवळं!"

"पांढरं नेसले, पांढरंच भिंतीवर लागंल," प्रज्ञा म्हणाली.

निगेटिव्ह सम्राटनंच स्कॅन केलेली, मागं घुसलेला टेम्पो पुसायला. छापायची सीडी नगरच्या लॅबला धाडलेली. त्यानं लॅबला फोन लावला.

तिथला गोरक्ष म्हणाला, "फाइल उघडली की मशीन विचारतं, हिच्यासंगं प्रोफाइल, म्हंजे रंगाचं माप न्हाई, रंग कुणाच्या हिशोबानं दाखवू?"

"आमच्या!"

"तुमचा हिशोबच पिवळा हाय, शेठ."

सम्राटनं फोन आदळला. मॉनिटरची बटणं पिळली, स्कॅनरची काच पुसली. पडद्यावर साडी पांढरीच.

प्रज्ञा मात्र मॉनिटरसमोरच्या भिंतीकडं बघत होती. जयंतीची कमान रंगवून उरलेला निळा सम्राटनं स्टुडिओला फासलेला. तो निळा पडद्यावर पडायचा, साडी निळसर दिसायची, आणि हा गडी ती पांढरी होईस्तोवर पिवळा ओतत बसायचा.

"भिंत खरवडा."

"जयंतीचा रंग हाय! मरंन, पन खरवडनार न्हाई."

"मग मी बी हटनार न्हाई."

तिनं घरून लग्नाचीच साडी आणली आणि भिंतीवर दोरीनं ताणली. पडद्यावरची नवरी लगेच हळदीत बुचकळल्यागत दिसायला लागली. सम्राटनं पिवळा उपसला. साडी उजव्या कोपऱ्यापर्यंत पुरली नव्हती, तिथला निळा उघडाच होता, पण पडद्याच्या त्या बाजूला सगळं झकास दिसत होतं, म्हणून तिकडं त्यानं हात लावला नाही.

सोमवारी नवा फोटो आला. साडी पांढरीशुभ्र होती. उजवीकडचा नवरदेव डोक्यापासून बुटापर्यंत पिवळा होता. तिसगावात चांगुणाबाईनं फोटो टांगायला स्वतः खिळा ठोकला.