बाबांच्या आवाजाचं वजन

रिहेमनं बनवलेला व्हिडिओ गेम, तिचा खेळ, तसा चिमुकलाच. समुद्रात मातीची मडकी सोडायची आणि ऑक्टोपस आपणहून आत जाऊन बसला की वर ओढायची. मडकं कुठं टाकायचं ते एक म्हातारा कोळी सांगायचा, आणि तो आवाज तिच्या बाबांचा होता. घशाच्या ऑपरेशनआधी तिनं तो भरून घेतला होता. त्यानंतर खमैसबाबांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

खेळ बाहेर काढायचा कसा, यावरून तिचं आणि भागीदार नाजेहचं चांगलंच वाजलं. तिला तो पेनड्राइव्हवर भरून, पुठ्ठ्याच्या डबीतून विकायचा होता. स्फाक्स शहरात पोरं गेम कॉपी करून घेतात त्या दुकानांत. नाजेहला मोबाइलवरच्या परदेशी दुकानाचे डोहाळे लागले होते.

"अगं, तुझ्या डब्या तुझी आत्या घेईल नि माझी मावशी. पुढं कोण?"

"दोन्हीकडं टाकू. पण आवाजासकट."

"फाइल जड होते गं! अर्धं वजन खमैसकाकांच्या बडबडीचंच आहे."

"होऊ दे जड. शब्द दे."

नाजेहनं शब्द दिला की. परदेशी दुकानात आमच्याकडची कार्डं चालत नाहीत, म्हणून खातं परदेशात मार्सेलला राहणाऱ्या नाजेहच्या भावाच्या नावावर निघालं. कागद करायचा का, असं रिहेमनं विचारलं तर स्वारी रुसली. मग शब्द पक्का करायला दोघांनी तळहात उघडून कुराणातली फातिहा वाचली, तोंडावरून हात फिरवले, झालं. फातिहा वाचल्यावर वर कागद मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान. नाजेहसारख्यांचं फावतं ते इथंच.

खेळ मोबाइलवरच्या दुकानात आला त्या दिवशी ती फेरीबोटीनं केर्केना बेटावर घरी गेली. धक्क्यावरच्या कॅफेत बाबांनी दरबार भरवला होता. आज माझा आवाज ऐका, असं त्यांनी खाणाखुणांनी गावभर सांगितलं होतं. टेबलावर फोन, भोवती सगळे जुने कोळी. मडकं बुडालं, लाटा वाजल्या. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं तोंड हलवलं. आवाज नव्हता. खाली फ्रेंचमध्ये ओळी उमटल्या.

रिहेम बाहेर आली आणि तिनं नाजेहला फोन लावला.

"बाबांचा आवाज कुठंय?"

"ऐक तरी! हलका खेळ असला तर पहिल्या पानावर लावतो, असं दुकानवाले म्हणाले. लावलाय, बघितलंस?"

"फातिहा वाचली होती आपण, नाजेह."

"तेव्हा पहिलं पान कुठं मिळत होतं? आणि फ्रेंच माणसाला केर्केनाची बोली काय कळणार, कपाळ?"

"परत घाल. आत्ताच्या आत्ता."

"भाऊ नको म्हणतो. खातं त्याचं आहे ना! तुझ्या डब्यांत भर की आवाज, मी कुठं अडवलंय?"

कॉलेजपासून या माणसाबरोबर ती एका ताटात जेवली होती. त्याच्या आईच्या आजारपणात उशाशी बसली होती. हा आपल्याला फसवेल, असं तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं, आणि आता त्याहून दुसरं काही सुचत नव्हतं.

ती आत आली तेव्हा कोळी चुळबुळत होते.

"काय रे खमैस, नुसताच माशासारखा तोंड हलवतोयस!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

बाबांनी फोनचा आवाज पूर्ण वाढवला, फोन कानाला लावून पाहिला, मग तिच्या हातात ठेवला. बिघडलाय, नीट कर, अशी खूण केली.

"फोन चांगला आहे, बाबा," ती म्हणाली. "त्यांनी तुमचा आवाज काढून टाकला."

बाबांनी गळ्यावरच्या पट्टीला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. आवाज चांगला नव्हता का, असं ते विचारत होते.